फँड्री

मराठी चित्रपट. निर्मिती २०१३, चित्रपटगृहांत प्रदर्शन १४ फेब्रुवारी २०१४. लेखन व दिग्दर्शन : नागराज मंजुळे. निर्माते : नीलेश नवलाखा, विवेक कजारिया. छायाचित्रण : विक्रम अमलाडी. संकलन : चंदन अरोरा. पार्श्वसंगीत : अलोकनंदा दासगुप्ता. लांबी सुमारे पावणेदोन तास. भाषा मराठी, घरातले बोलणे कैकाडी. 'फँड्री' हा डुकरासाठीचा कैकाडी शब्द. कथा घडते ती अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोळनेर या गावात. गावाच्या कडेला राहणारा एक शाळकरी मुलगा, त्याचे मुके प्रेम आणि शेवटी त्याच्या हातात आलेला दगड, एवढाच कथेचा ऐवज आहे.

चित्रपटाची नोंद सहसा प्रेमकथा किंवा सामाजिक चित्रपट अशी होते. भयपटांत त्याला कोणी धरत नाही. तरी एकट्या पडलेल्या उपऱ्याचा हिंसेपर्यंतचा प्रवास हा जो भयपटाचा जुना साचा आहे, तो मराठीत इतक्या कठोरपणे दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने वापरलेला नाही. शेवटच्या अर्ध्या तासात प्रेक्षकाच्या छातीवर जो दाब येतो, तोही भुताखेतांच्या चित्रपटांपेक्षा जास्त खरा आहे. येथे भीती वाटते ती चारचौघांच्या हसण्याची.

अकोळनेर नगर तालुक्यात, दौंड–मनमाड लोहमार्गावर आहे. कीर्तनकार आणि संतचरित्रकार दासगणू महाराज यांचा जन्म १८६८ मध्ये याच गावी झाला. चित्रपटातले गावही देवाधर्माचे आहे. तिथे जत्रा भरते, पालखी निघते, शाळेत चोखामेळ्याचा अभंग शिकवला जातो. मास्तर अर्थ सांगतात, मुले ऐकतात आणि वर्गातून बाहेर पडली की चोखोबाच्या वाट्याला आलेले जगणे कथेतल्या मुलाच्या, जब्याच्या, वाट्याला देतात. दिग्दर्शक या विसंगतीवर बोट ठेवत नाही. तो वर्ग दाखवतो, मग रस्ता दाखवतो आणि पुढे जातो.

जांबुवंत कचरू माने ऊर्फ जब्या (सोमनाथ अवघडे) हा कैकाडी समाजातला. तुरीच्या काड्या, निर्गुडीचे फोक यांच्या टोपल्या-कणग्या विणणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत कैकाडीही होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत हा समाज अनुसूचित जातींत मोडतो, उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत. म्हणजे एकाच माणसाची सरकारदरबारची ओळख जिल्ह्याची हद्द ओलांडली की बदलते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनाने कैकाड्यांचे बिऱ्हाड मराठी वाचकासमोर पहिल्यांदा ठळकपणे आणले. जब्याचे कुटुंब त्या बिऱ्हाडाच्या पुढच्या पिढीतले आहे. पाल सुटले, घर झाले, पण ते घर गावात आले नाही.

बाप कचरू (किशोर कदम) गावाची पडेल ती कामे करतो, आई (छाया कदम) टोपल्या विणते. मुलीचे लग्न ठरलेले आहे आणि हुंडा जमवायचा आहे. जब्याला मात्र वर्गातली शालू (राजेश्वरी खरात) आवडते. शालू वरच्या जातीतली. दोघांत बोलणे असे घडतच नाही. सारे प्रेम जब्याच्या नजरेत आहे. सोबती पिऱ्या (सूरज पवार) याला घेऊन तो माळावर, काटेरी झुडपांत एक काळी चिमणी शोधत हिंडतो. ती जाळून तिची राख जिच्यावर टाकावी ती वश होते, असे त्याला सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या चंक्याने सांगितले आहे. चंक्याची भूमिका खुद्द मंजुळे यांनी केली आहे. जादूटोण्याचा हा धागा चित्रपटातला एकमेव उघड गूढ धागा. तो जब्याच्या असहायतेतून आलेला असल्यामुळे जास्त बोचतो. ज्याला मुलीशी दोन शब्द बोलण्याची सोय नाही, त्याला मंत्राचाच रस्ता उरतो.

जीन्स पँट घ्यायची म्हणून जब्या चंक्याची सायकल घेऊन थंडगार कांड्या विकायला जातो आणि सायकल गाडीखाली सापडते. जत्रेत नवे कपडे घालून तो हलगीच्या तालावर बेभान नाचतो, तोच बाप त्याला बोलावून डोक्यावर बत्ती देतो. नाचणाऱ्यांना उजेड दाखवणे हे त्याचे काम. इथे कोणी त्याला मारत नाही, शिवी देत नाही. फक्त त्याची जागा दाखवून दिली जाते, आणि ती दाखवणारा हात बापाचा असतो. कचरू क्रूर नाही. पोराने मान वर केली तर काय होते हे तो जाणतो. किशोर कदम यांनी वाकलेला पाठीचा कणा, जोडलेले हात आणि पोरावर फुटणारा संताप यांतून जो माणूस उभा केला आहे, तो मराठी पडद्यावरच्या थोर भूमिकांत धरावा लागेल.

पालखीच्या वाटेत डुक्कर येते, विटाळ होतो आणि गावचे पुढारी कचरूला डुकरे पकडायला सांगतात. लग्नासाठी पैसे हवेतच. दुसऱ्या दिवशी सारे कुटुंब दोर घेऊन डुकरामागे धावू लागते, तेही शाळेजवळ. शाळेची पोरे, गावची तरणी मंडळी, सगळे जमतात. शालूही त्यांत आहे, हसते आहे. जब्या झुडपांत लपतो. बाप त्याला शोधून काढतो आणि सर्वांदेखत मारतो. पाठलाग लांबतच जातो. भयपटात शिकारी आणि सावज यांचा पाठलाग असतो. इथे डुकरामागे धावणारे लोकच सावज आहेत, आणि शिकारी कडेला उभे राहून टाळ्या पिटत आहेत.

याच प्रसंगात डुक्कर हाती येण्याच्या बेतात असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. जब्या ताठ उभा राहतो, मग घरचेही जागच्या जागी थिजतात आणि डुक्कर निसटते. या दृश्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, बहुतेकांनी त्यात उपहास पाहिला. मला त्यात जब्याची निष्ठा दिसते. शाळेने जे शिकवले ते त्याने मनापासून घेतले आहे. समतेचे वचन देणाऱ्या व्यवस्थेशी तो इमान राखतो आणि त्याची किंमत पुन्हा पहिल्यापासून धावून मोजतो. अखेर डुक्कर पकडले जाते. काठीला उलटे बांधून ते शाळेच्या भिंतीसमोरून नेले जाते. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. कॅमेरा ओझे वाहणाऱ्यांबरोबर चालतो, चित्रे मागे सरकत राहतात.

मग 'फँड्री' ही हाक सुरू होते. टवाळ पोरे मागे लागतात, बहिणीवर शेरे मारतात. जब्या दगड उचलतो. पहिले दगड टवाळांवर जातात, शेवटचा थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.

ब्रायन डी पाल्मा यांचा 'कॅरी' (१९७६) हा अमेरिकी भयपट येथे आठवतो. स्टीफन किंग यांच्या १९७४ च्या पहिल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. शाळेत सतत हिणवली जाणारी एकटी मुलगी, तिची भर समारंभात केलेली विटंबना, तिच्या अंगावर ओतलेले डुकराचे रक्त आणि त्यानंतर तिने मांडलेला संहार, असा त्याचा आराखडा. डुक्कर, शाळा, हसणारा जमाव आणि एका किशोरवयीन जिवाचा स्फोट हे सारे दोन्हीकडे आहे. फरक मोठा आहे. कॅरीकडे अतींद्रिय शक्ती आहे. जब्याची काळी चिमणी काही त्याच्या कामी येत नाही, उरतो तो हातात मावेल एवढा दगड. 'कॅरी'चा प्रेक्षक जमावाच्या बाहेर सुरक्षित बसून संहार पाहतो. 'फँड्री'चा प्रेक्षक पाठलाग पाहताना एक-दोनदा हसलेला असतो, कारण दृश्ये तशीच रचली आहेत. म्हणून दगड त्याच्याकडे येतो.

या साच्यातल्या बहुतेक चित्रपटांत एकटा माणूस पायरी पायरीने घसरत जातो, आणि प्रेक्षकाने त्याच्यात दडलेला राक्षस ओळखायचा असतो. मंजुळे यांनी ती घसरण गावाला दिली आहे. आधी नजर, मग आज्ञा, मग हसणे, मग हाका, मग बहिणीची छेड. जब्या या प्रत्येक पायरीवर माघार घेतो, लपतो, गप्प बसतो. त्याचा दगड ही त्याची पहिली आणि एकमेव हिंसा आहे, आणि तिला विकृती म्हणणे मला अशक्य वाटते. काही समीक्षकांना हा शेवट अचानक वाटला. पण बत्ती डोक्यावर घेतलेल्या जब्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, तर दगड तिथेच उचलला गेल्याचे लक्षात येते.

मंजुळे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. केल्यावर त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेतले. तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या 'पिस्तुल्या' (२०१०) या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असलेला वंचित मुलगा तिथेही आहे आणि ती भूमिकाही सूरज पवारचीच. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा मंजुळे यांचा कवितासंग्रह. चित्रपटात उन्हाचा जो रखरखाट आहे, माळ, बाभळी, पांढरी पडलेली वाट, तो कवीच्या नजरेने टिपलेला आहे. सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्याच केमचा, हलगी वाजवणारा मुलगा. जत्रेच्या दृश्यातली त्याची लय शिकवून आलेली नाही.

प्रदर्शनासाठी १४ फेब्रुवारी हा दिवस निवडला गेला आणि प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांनी गीत केले. कोवळी प्रेमकथा पाहायला आलेला प्रेक्षक दगड घेऊन परतला. चित्रपटाच्या परिणामात या फसगतीचाही वाटा आहे आणि ती योग्यच होती.

नगर जिल्ह्यातल्या घटनांनी चित्रपटाला वेगळाच संदर्भ दिला. जानेवारी २०१३ मध्ये नेवासा तालुक्यातील सोनई येथे तीन दलित तरुणांचे प्रेमसंबंधाच्या रागातून खून झाले होते. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने या खटल्यात सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. 'फँड्री' पडद्यावर येऊन अडीच महिने होत नाहीत तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी त्याचे बोलणे असल्याच्या संशयावरून हे घडल्याचा आरोप होता. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. जब्याने शालूशी एक शब्दही का बोलू नये, याचे उत्तर त्याच्या बापाला ठाऊक होते. खर्ड्यानंतर ते प्रेक्षकालाही कळले.

२०१३ च्या मुंबई चित्रपट महोत्सवात चित्रपटाला परीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो लंडनच्या महोत्सवातही दाखवला गेला. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मंजुळे यांना, तर सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार सोमनाथ अवघडे याला (विभागून) मिळाला. मंजुळे यांच्या पुढच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटात सूरज पवार आणि छाया कदम पुन्हा दिसले. तिथे मुलगा-मुलगी एकमेकांशी बोलतात, पळून जातात, संसार थाटतात, आणि हिंसा मुलीच्या माहेरची माणसे करतात.