जळकोटच्या बांधावरची अंडी

सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की नळदुर्ग ओलांडल्यावर तुळजापूर तालुक्यातले जळकोट लागते. ज्वारी-तुरीची राने, कडब्याच्या गंजी, दगडी बांध आणि त्या बांधांत उंदरांची बिळे. धामणीला आणखी काय हवे? बांध उकरताना कधी तिची अंडी निघतात. पांढरी, चामड्यासारख्या मऊ कवचाची, एकमेकांना चिकटलेली. जाणता सर्पमित्र आधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतो आणि ती बाजू वरच राहील अशा बेताने अंडी ओलसर मातीच्या डब्यात ठेवतो. सापाचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे फिरवायचे नसते. उलटले तर आतला गर्भ मरू शकतो. साधारण दोन महिन्यांनी पिलू नाकाच्या टोकावरच्या बारीक दाताने कवच चिरते, नुसते डोके बाहेर काढून बराच वेळ तसेच राहते, आणि मग फूटभराहून लांब देह सरसरत बाहेर येतो.

‘धामणीची पैदास केली’ असे आपण याला सर्रास म्हणतो. ही खरोखर पैदास आहे का, हे ठरवायला जुने-नवे कागद एकत्र वाचावे लागतात.

पहिली अडचण नावाची. लिनियसने 1758 मध्ये या सापाला ‘कोलुबर म्युकोसस’ म्हटले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लेखांत तो ‘झामेनिस म्युकोसस’ असतो, सर्पअभ्यासक माल्कम स्मिथच्या 1943 च्या ग्रंथात ‘टायस म्युकोसस’, आणि 2004 नंतर लॅटिन व्याकरणाच्या लिंगदुरुस्तीमुळे ‘म्युकोसा’. एकाच नावाने शोध घेणाऱ्याच्या हातून धामणीचा अर्धा इतिहास निसटतो.

दुसरी अडचण साक्षीदारांची. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून जमिनीपासून उंच उठलेल्या अनेकांनी पाहिल्या आहेत. त्याला ‘नाग-धामणीची जुगण’ म्हणायचे आणि वर कोरे कापड टाकायचे, ही आपल्याकडची रीत. प्रत्यक्षात तो बहुधा दोन नरांचा झगडा असतो, आणि धामण ही नागाची मादी नव्हे; तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. त्यामुळे ‘मिलन पाहिले’ असे सांगणारी नोंद जशीच्या तशी पुराव्यात धरता येत नाही. मी तरी धरत नाही.

विश्वास ठेवावा असे कागद मुंबईचे. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये लष्करी डॉक्टर फ्रँक वॉल याने 1905 पासून भारतातल्या नेहमीच्या सापांवर लेखमाला चालवली. वॉलची पद्धत हिशेबनिसाची होती: मादी मिळाली की लांबी, तारीख, पोटातल्या अंड्यांची संख्या. धामण साधारण सहा ते पंधरा अंडी घालते, हे आपण आज सहज सांगतो. असे आकडे अशा एकेका नोंदीतून जमले आहेत. पुढे ले. कर्नल के. जी. घारपुरे आणि पी. जे. देवरस यांनी भारतीय सापांवर पुस्तके लिहिली. देवरस परळच्या हाफकिन संस्थेतले. तिथे साप ठेवले जात ते विषासाठी: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. बिनविषारी धामणीला पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवण्याचे कारणच तिथे नव्हते.

कारण दुसरीकडे होते, तिच्या कातड्यात. लांब, मजबूत कातडीच्या पर्स आणि बूट परदेशात खपत. भारताने 1984 मध्ये धामणीचे नाव वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात घातले. 1990 मध्ये ती दुसऱ्या परिशिष्टात गेली. आता देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कातड्याच्या परवान्यावर त्याचे मूळ एका अक्षराने लिहावे लागते, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रकान्यात मिळाले. ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातून धरलेला. ‘आर’ म्हणजे रानातून अंडी किंवा पिले आणून वाढवलेला. ‘एफ’ म्हणजे बंदिवासात जन्मला, पण पुढची अट पुरी न करणारा. ‘सी’ म्हणजे आईबापही बंदिवासातच जुगले आणि त्या साठ्यातून दुसरी पिढी निघाली, किंवा निघू शकते हे सिद्ध झाले. चीन आणि व्हिएतनाममधल्या सापशेतीत धामण पाळली जाते; तिथला सारा वाद या अक्षरांचा आहे. रानातली धामण धरून तिच्यावर ‘सी’ लिहिले, तर शेती कागदावर फुलते आणि बांध ओस पडतात.

या मापाने जळकोटच्या डब्यातले पिलू ‘सी’ नाही. फार तर ‘आर’. त्याचे आईबाप कुणी जुळवले नाहीत. ते बांधानेच दिले.

आपला कायदाही हेच धरून चालतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत ‘प्राणी’ म्हणताना सरपटणाऱ्यांची अंडीही येतात, आणि ती अंडी हलवणे-बिघडवणे हे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत बसते. कलम 39 प्रमाणे नियम मोडून बंदिवासात ठेवलेला किंवा वाढवलेला वन्यप्राणी राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. धामण आधी अनुसूची 2 मध्ये होती. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूची 1 मध्ये आली.

म्हणून अंडी निघाली की पहिले काम डबा शोधण्याचे नाही, वनविभागाला फोन करण्याचे आहे. त्यांच्या परवानगीने अंडी उबवलीच, तर वहीत तारीख, संख्या, बांधाचा गट क्रमांक लिहावा. वॉलने लिहिले असते तसे. आणि पिले निघाल्यावर त्याच गटात, उंदरांच्या बिळांजवळ, संध्याकाळच्या आधी सोडावीत.