बधिर पाय आणि दोन रजिस्टरं

कुष्ठरोगाच्या कामावर मी निफाड तालुक्यात रुजू झालो, तेव्हा लासलगावात साखरेचा आजार म्हणजे पेढीवर बसणाऱ्यांचा आजार समजला जायचा. मी निवृत्त होईपर्यंत तो मार्केटला ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत आणि दिवसभर उकिडवं बसून कांद्याची पात कापणाऱ्या बाईपर्यंत पोहोचला होता. दोन्ही आजार पाय बधिर करतात. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते, बोट जातं. पण सरकारी दप्तरात दोघांची रजिस्टरं वेगळी, आणि एकातलं शहाणपण दुसऱ्यात कधी उतरलं नाही.

कुष्ठरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1955 चा. तेव्हा डॅप्सोन हे एकच औषध होतं आणि ते वर्षानुवर्षं घ्यावं लागे. 1982 च्या सुमारास बहुविध औषधोपचार आला आणि गोळ्यांची 28 दिवसांची पाकिटं आमच्या पिशवीत आली. पहिल्या दिवसाचा डोस आमच्यासमोर गिळायचा, उरलेले 27 दिवस रुग्णानं घरी घ्यायचे. म्हणजे महिन्यातला एकच दिवस आमचा, बाकी सगळे त्याचे. म्हणून त्या एका दिवशी तोंड बरंच चालवावं लागे. "लघवी तांबडी होईल, घाबरू नका. कातडी काळवंडेल, औषध बंद केल्यावर हळूहळू निवळेल." एवढं आधी सांगितलं नाही, तर आठवड्यात पाकीट उकिरड्यावर गेलंच म्हणून समजा.

औषध संपलं तरी गेलेली संवेदना बहुधा परत येत नसे. तिथून पुढचं काम रुग्णाचं. आम्ही ओट्यावर बादली मागवायचो. साध्या पाण्यात पाय वीसेक मिनिटं भिजवायचे, जाड झालेली कातडी वजरीनं हलकेच घासायची, ओलसर असतानाच खोबरेल चोळायचं. निजण्यापूर्वी दोन्ही तळवे बघायचे, दिसत नसतील तर आरसा धरायचा. मऊ तळाच्या एमसीआर चपला मिळायच्या. आम्ही नुसतं सांगून उठायचो नाही, त्याच्याकडून करून घ्यायचो.

जगात हे शहाणपण एका आजारातून दुसऱ्यात गेलं, आणि तेही भारतातूनच. 1946 मध्ये वेल्लोरला आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे पाय झडतात ते वेदना हरपल्यामुळे, न जाणवलेल्या इजांमुळे, हे दाखवून दिलं. 1966 मध्ये ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तिथून हीच समज मधुमेहींच्या पायांसाठी वापरात आली. आज मधुमेहीच्या तळव्याला टोचून बघतात तो नायलॉनचा धागाही कुष्ठरोगाच्या कामातच रुळला होता.

आपल्याकडे मधुमेह, रक्तदाब, कर्करोग वगैरेंचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये आला. पुढं तिशीच्या वरच्या सगळ्यांची तपासणी सुरू झाली. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. तंबाखू, कंबरेचा घेर, घरात कुणाला आजार आहे का, याचे गुण मांडतात. काम कष्टाचं आणि मोलाचं आहे. पण वर जाणारे आकडे मुख्यतः किती तपासले, किती सापडले, किती औषधावर आहेत, याचे. औषधावर असलेला माणूस दोन भेटींच्या मधे काय करतो, याचा रकाना मला दिसला नाही.

तो मधला काळ लासलगावात कसा असतो ते सांगतो. शेतकरी पहाटे उठून नंबर लावतो. नाश्त्याआधीची गोळी घेतलेली असते, आणि लिलाव लांबतो. मग वजनकाटा, मग हिशोबपट्टी. दुपारपर्यंत पोटात फक्त चहा. हात थरथरतात, घाम सुटतो. साखर उतरली, हे त्याला ठाऊक नसतं. तो म्हणतो, "या गोळीनं चक्कर येते," आणि गोळी सोडतो. औषध मिळालं नाही, अशी त्याची तक्रारच नसते. मार्केटच्या दिवशी काय करायचं, खिशात काय ठेवायचं, हे त्याच्याशी कुणी बोललेलं नसतं.

सेवेचं माप रुग्णाकडूनच घ्यावं, या विचारानं 2005 मध्ये अमेरिकेत वीस प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध झाली. गेल्या सहा महिन्यांत तुमचं मत विचारलं का, तुमच्या रोजच्या जगण्यात बसेल असा बेत आखून दिला का, भेटीनंतर चौकशी केली का, असे ते प्रश्न. आमच्या भागासाठी मी चारच विचारीन. मार्केटच्या दिवशी गोळी कधी घ्यायची, हे ठरवून दिलं का? साखर उतरल्याची लक्षणं कळतात का? तुमचे तळवे कुणी हात लावून बघितले का? आणि ते रोज कसे बघायचे, हे करून दाखवलं का? शिकवताना फरकही सांगावा लागेल: साखरवाल्यानं पाय भिजत ठेवायचे नाहीत, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, वजरी स्वतः चालवायची नाही. अनवाणी न फिरणं आणि रोज तळवे बघणं मात्र दोघांना सारखंच.

चौथ्या प्रश्नाला "हो" येत नसेल, तर तपासणीचा आकडा कितीही मोठा असो, त्या माणसाला पूर्ण सेवा मिळाली असं मी तरी रजिस्टरात लिहिणार नाही.