माहीमच्या बेटावर पायी

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर मुंबईची सात बेटं काढली, तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, माहीम बेट होतं, तर चारी बाजूंचं पाणी गेलं कुठे?" याचं उत्तर फळ्यावर देण्यासारखं नव्हतं. रविवारी काही मुलांना आणि त्यांच्या पालकांना घेऊन मी माहीमला चालत फिरायला गेलो.

सुरुवात मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यापासून केली. त्यांचं निधन १४३१ सालचं. कुरआनवर अरबीत तफसीर लिहिणारा हा आलिम आपल्या कोकणातला, याच बेटावरचा, हे ऐकून मुलांना नवल वाटलं. दर्ग्यामागे रेती बंदर. तिथून २००९ साली सुरू झालेला सागरी सेतू समोर दिसतो. भरतीमुळे वाळूवरून चालणं जमेना, म्हणून रस्त्याने उत्तरेकडे किल्ल्यापाशी गेलो. त्याच्या तटाला आजही लाटा लागतात.

पुढे माहीमची खाडी. पूर्वी इथून वांद्र्याला जायचं तर होडीशिवाय इलाज नव्हता. कंपनी सरकार पूल बांधायला पैसे देईना. तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच, लोकांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ साली कॉजवे सुरू झाला. लेडी जमशेटजी रोडवरून रोज जाणाऱ्या मुलांना ही बाई कोण, हे त्या दिवशी कळलं.

कॉजवेवर उभे राहून आम्ही खाली मिठी नदीचं काळं पाणी पाहिलं. रस्त्याने माणसं जोडली, पण खाडीचं तोंड आवळलं. पुढे नदीकाठची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. पावसाचं पाणी पूर्वी त्या दलदलीत पसरत असे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यातच भरती आली आणि मिठीचं पाणी वस्त्यांत शिरलं. त्या रात्री मी कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठलं होतं.

त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, "पाणी कुठे गेलं नाही बेटा, आपण त्याच्या जागेवर राहायला आलो."

तुमच्या मोहल्ल्यात पाणी कुठवर यायचं, हे घरच्या बुजुर्गांना एकदा विचारा. मुलांना सोबत घेऊन तिथपर्यंत चालत जा.