आराखडा नसलेल्या गलबताची प्रतिकृती

दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठेवलेले शिडाचे जहाज बहुतेकांच्या परिचयाचे असते. पर्यटनस्थळी विकत घेतलेले असे जहाज ही शोभेची वस्तू असते. त्याच्या डोलकाठ्या हव्या तेवढ्या उंच असतात आणि तोफांची संख्या कारागिराच्या मर्जीवर ठरते. प्रमाणबद्ध प्रतिकृतीचे तसे नसते. तिच्यातील प्रत्येक लांबी मूळ जहाजावरील लांबीला एकाच संख्येने भागून काढलेली असते. ती संख्या बदलली की प्रतिकृतीचा आकार बदलतो, परंतु अवयवांचे परस्परप्रमाण बदलत नाही. लाकूड, दोरा, पितळ आणि कमालीचा धीर यांच्या बळावर अशी जहाजे घडविणे हा जगातील जुन्या छंदांपैकी एक आहे.

हे गणित समजण्यासाठी मुंबईतच बांधलेले एक जहाज घेणे सोयीचे ठरेल. ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडात बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे ४५.८ मीटर. १:४८ या प्रमाणात ही लांबी साडेपंचाण्णव सेंटिमीटर होते, १:६४ मध्ये साडेएकाहत्तर आणि १:९६ मध्ये अठ्ठेचाळीसच्या आत येते. पुढे नाकाडाचा दांडा आणि वर डोलकाठ्या धरल्या तर १:४८ ची प्रतिकृती सदनिकेतील एक भिंत अडवते. त्यामुळे प्रमाणाची निवड पुष्कळदा घराच्या क्षेत्रफळावरच ठरते. मात्र लहान प्रमाण सोपे असते, हा गैरसमज आहे. तीन इंच जाडीची फळी १:४८ मध्ये दीड मिलिमीटरची होते आणि हाताळता येते. १:९६ मध्ये ती पाऊण मिलिमीटरची होते व कागदासारखी वागू लागते.

इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात ३५ नौकांच्या प्रतिकृती सापडल्या होत्या. त्या परलोकीच्या प्रवासासाठी होत्या, मोजमापासाठी नव्हे. मोजमापाची शिस्त आली ती सतराव्या शतकात, इंग्लंडच्या नौदल मंडळासाठी तयार होणाऱ्या प्रतिकृतींमुळे. एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८, हे त्यांचे रूढ प्रमाण होते. जहाजाचा खालचा भाग फळ्यांनी न झाकता आतील सांगाडा मुद्दाम उघडा ठेवलेला असे. पुढे नेपोलियनकालीन युद्धांत इंग्लंडमध्ये अडकलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातून उरलेल्या हाडांपासून जहाजे घडवून बाजारात विकली. ती दिसायला देखणी असली, तरी प्रमाणाच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबता येत नाही.

कागद असलेली जहाजे

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. १७५० साली येथे आशियातील पहिली कोरडी गोदी बांधली गेली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत वाडिया घराण्याने बांधलेल्या जहाजांत ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) होते, ज्यावर १८४२ साली नानकिंगचा तह झाला, आणि ‘ट्रिंकोमाली’ होती, जी इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. तरंगत असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका मानली जाते. प्रतिकृतीकाराला या जहाजांचे काम सोपे जाते, कारण ती ब्रिटिश नौदलाच्या ठरीव आराखड्यांवरून बांधलेली आहेत आणि ते आराखडे जपून ठेवलेले आहेत. आराखड्याचे महत्त्व त्या काळीही किती होते, हे ‘ट्रिंकोमाली’च्याच जन्मकथेवरून दिसते. तिचे नकाशे घेऊन मुंबईकडे निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’कडून पराभूत होऊन नष्ट झाले. नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली आणि प्रत्यक्ष काम १८१६ साली सुरू झाले. मुंबईत सागवान होते, सुतारही होते. अडले ते कागदावाचून.

नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’सारख्या जहाजांचे लाकडी संच परदेशी कंपन्या विकतात. संचात कापलेले आडवे पडदे, फळ्यांच्या पट्ट्या, पितळी तोफा आणि नकाशे असतात. नवख्याने पहिले जहाज संचावरूनच बांधावे, असा जाणकारांचा सल्ला असतो व तो योग्य आहे. अडचण पुढेच येते. दोन-तीन जहाजे झाल्यावर मराठी माणसाला साहजिकच शिवछत्रपतींच्या किंवा आंग्र्यांच्या आरमारातील जहाज करावेसे वाटते, आणि तेथे त्याच्या हाती आराखडा येत नाही.

कागद नसलेले आरमार

१६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीस हात घातला. १६५९ च्या सुमारास रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाच्या हाताखाली काही कारागीर या कामावर होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या दडपणामुळे ते निघून गेले. १६६५ च्या बसरूर मोहिमेत ८५ लहान व तीन मोठी जहाजे होती, अशी नोंद आढळते. सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे अशी जहाजांच्या प्रकारांची नावे येतात. परंतु बखरकाराला आरमाराचे वैभव सांगायचे होते, रुंदी-लांबी नव्हे. कोकणातील मिस्त्री जहाज कागदावर काढीत नसे. पठाण, म्हणजे तळाचा कणा, किती हातांचा घ्यायचा हे एकदा ठरले की पुढचे वांक, अर्थात बरगड्यांसारखी वाकडी लाकडे, तो नजरेने व अनुभवाने बसवीत असे. ही रीत लाकडी मचव्यांच्या बांधणीत विसाव्या शतकापर्यंत टिकली. फायबरच्या होड्या आल्या आणि ती जाणणारे हात कमी होत गेले. प्रत्यक्ष जहाजांचे म्हणाल तर फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार तेथेच जळून खाक झाले. किल्ल्यापासून जवळ, वाघोटणच्या खाडीकाठी गिर्ये येथे त्या काळातील गोदी अजून पाहता येते. तिच्यात बांधलेले एकही जहाज उरलेले नाही.

मग साधने कोणती? सर्वांत उपयोगी वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात करून ठेवले आहे. शत्रूने केलेले असल्यामुळे ते बारकाईने केलेले आहे. ऑर्म सांगतो त्याप्रमाणे गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची दीडशेपेक्षा अधिक नाही. लांबीच्या मानाने ती फार रुंद आणि पाण्यात उथळ बसणारी असे. तिची खरी ओळख म्हणजे नाळ. युरोपीय जहाजासारखा गोलसर फुगीर पुढा तिला नव्हता. मधल्या भागापासून निमुळती होत गेलेली गुराब भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी लांब, पुढे झुकलेली नाळ घेऊन संपत असे. समोरच्या लाटेत ती जोराने आपटत असल्यामुळे नाळेवरील तक्तपोशीला कठडे ठेवीत नसत. आलेले पाणी आडवे वाहून जावे हा उद्देश. नाळेमागच्या आडव्या भिंतीत भोके ठेवून त्यातून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असत.

गलबत हे त्याच घाटाचे, पण वल्ह्यांचे मोठे तारू. वजन बहुधा सत्तर टनांच्या आत, डोलकाठ्या दोन, त्यांतील मागची किरकोळ. मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड. वजन वाचविण्यासाठी वरची तक्तपोशी चिरलेल्या बांबूंची. चाळीस-पन्नास वल्ही असत आणि तासाला चार मैलांचा वेग मिळे. वारा पडलेला असताना अवजड इंग्रज जहाज जागीच अडकून राही, तेव्हा गलबते गुराबेला ओढत त्याच्या पिछाडीस नेऊन उभी करीत आणि तेथून नाळेवरच्या तोफा चालत. हे युद्धतंत्र ज्याला समजले त्याला त्या दोन तोफा पुढेच का, रुंदी एवढी का, नाळ उघडी का, याचा उलगडा होतो. अशा उलगड्यावाचून केलेली प्रतिकृती चुकण्याची शक्यता फार असते.

आणि ती चुकते, असे खेदाने म्हणावे लागते. मराठा आरमार म्हणून मांडलेल्या पुष्कळ प्रतिकृती म्हणजे भगवा ध्वज लावलेली इंग्रज फ्रिगेट असतात. तोच फुगीर पुढा, तीच बाजूंवरची तोफांची ओळ, तीच चौकोनी शिडांची चळत. संच उपलब्ध असतो, म्हणून त्यावर नाव बदलून काम भागविले जाते. पाहणाऱ्या मुलाच्या मनात तेच चित्र ठसते, आणि उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी लढण्यासाठी शोधलेला वेगळा घाट विस्मरणात जातो.

चित्रांचा आधार घ्यायचा तर डॉमिनिक सेरेस या चित्रकाराचे विजयदुर्गाच्या पाडावावरील चित्र ग्रिनिच येथील संग्रहात आहे. परंतु ते प्रसंगानंतर पंधरा वर्षांनी रंगविलेले आहे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौकांच्या रांगा कोरलेल्या आहेत. त्या शिलाहारकालीन मानल्या जातात. त्यांतून नाळेचा डौल कळतो, माप कळत नाही. डॉ. भा. कृ. आपटे यांचा मराठा आरमार व व्यापारी जहाजांवरील १९७३ चा इंग्रजी ग्रंथ मात्र या छंदाच्या माणसाने हाताशी ठेवावाच.

चित्रावरून जहाज उभे करता येते का, या प्रश्नाचे मोठ्या प्रमाणावरील उत्तर नुकतेच मिळाले आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून ‘कौंडिण्य’ हे दोराने शिवलेल्या फळ्यांचे जहाज गोव्यात बांधण्यात आले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते भारतीय नौदलात दाखल झाले. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. मुळात आराखडाच नसल्यामुळे चित्रातील आकाराला नौकाशास्त्राची जोड द्यावी लागली आणि मद्रास आयआयटीत लहान प्रतिकृतीवर पाण्यातील चाचण्या घेण्यात आल्या. प्रतिकृती येथे जहाजाची नक्कल नव्हती. ती जहाजाच्या आधी जन्मली.

हाताचे काम

या छंदाला समुद्रकिनारा लागत नाही. आज अहिल्यानगर झालेल्या नगरला समुद्र नाही. पण निजामशाहीच्या ताब्यात चौलचे बंदर होते आणि तेथील पोर्तुगीज ठाण्याला मुर्तझा निजामशाहाने १५७०-७१ मध्ये वेढा घातला होता. नगरजवळच्या नागापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी लेथवर शतांश मिलिमीटरचा हिशेब ठेवणाऱ्याला पितळी सळईतून दोन सेंटिमीटरची तोफ काढणे अवघड वाटू नये. प्रतिकृतीतील निम्मे कौशल्य हे मापाचेच असते. दिवाळीत अंगणात मातीचा जंजिरा करून पराती‍तल्या पाण्यात कागदी होड्या सोडणाऱ्या घरांत या छंदाचे बीज असतेच.

लाकडाची निवड करताना मूळ जहाज सागवानी होते म्हणून सागवान घेणे ही नेहमीची चूक. सागवानाच्या रेषा ठळक असतात, आणि ४८ पट लहान जहाजावर त्या फळ्यांहून मोठ्या दिसतात. हळदूसारखे बारीक पोताचे, पिवळसर लाकूड अधिक शोभते. फळ्या पाण्यात भिजवून, गरम करून वाकवाव्या लागतात. दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकेक फळी बसविली नाही तर पठाण एका अंगाला पिळतो आणि तो दोष नंतर निघत नाही. लाकडी खिळ्यांसाठी बांबूची काडी भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून ओढत ओढत अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बारीक करतात. दोरखंडासाठी नायलॉनची चमक चालत नाही. सुती दोरा मेणावर फिरवून त्याची लव बसवावी. वीतभर लांबीच्या गलबताला वर्ष लागते, तर तीन डोलकाठ्यांच्या गुराबेला दोन-तीन वर्षे सहज जातात.

लोखंडी जहाजांची तऱ्हा वेगळी. ‘विक्रांत’ ही पहिली विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली आणि २०१४ साली मोडीत निघाली. तिची ७०० फूट लांबी १:३५० मध्ये ६१ सेंटिमीटर होते. छायाचित्रे विपुल असल्यामुळे तेथे अंदाजाला फारसा वाव नाही.

प्रत्यक्ष पाहून शिकायचे असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील सागरी वारशाचे दालन पाहावे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकाराने १९७८ साली मुंबईत स्थापन झालेल्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीनेही या विषयातील साहित्य जमविले आहे.

जहाज पूर्ण झाल्यावर ते काचेच्या पेटीतच ठेवावे, कारण दोरांवर बसलेली धूळ ब्रशने काढताना पहिले परबाण हमखास मोडते. पेटीला खाली बारीक भोके असावीत. पावसाळ्यात सुती दोरे ताणले जातात आणि उन्हाळ्यात सैल पडतात, तेव्हा ते बांधताना थोडी ढील ठेवलेली बरी. पेटीवरील पाटीवर जहाजाचा प्रकार, काळ व प्रमाण लिहिण्याची पद्धत आहे. गुराब किंवा गलबत असेल तर आणखी एक ओळ लिहावी: नाळ, शिडे व तोफा वर्णनावरून, आणि लांबी अंदाजाने.