कोकण रेल्वेची उभारणी आणि तिचे श्रमिक

कोकण रेल्वे : रायगड जिल्ह्यातील रोह्याहून निघून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवार किनारपट्टीतून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत जाणारा सुमारे ७४० किमी. लांबीचा ब्रॉडगेज लोहमार्ग. बांधकामाचा काळ १९९० ते १९९८. मार्गावर ९० हून अधिक बोगदे, १७९ मोठे आणि १,८१९ लहान पूल आहेत; बोगद्यांची एकत्रित लांबी ८४ किमी.च्या घरात जाते. प्रस्तुत नोंदीत रत्नागिरी जिल्ह्यातील बांधकाम आणि ते करणारे मजूर यांचा प्रामुख्याने विचार केला आहे. मार्गावरील सर्वांत लांब बोगदा आणि सर्वांत उंच पूल याच जिल्ह्यात आहेत, आणि कामावर मरण पावलेल्यांचे स्मारकही रत्नागिरी स्थानकाच्या आवारात आहे.

मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत रत्नागिरी जिल्ह्यातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या राबला, पण त्याला गावी जायचे तर बोट किंवा एस.टी. हेच पर्याय होते, आणि पावसाळ्यात बोटी बंद. कोकणातून रेल्वे न्यावी ही मागणी स्वातंत्र्यानंतर अ. ब. वालावलकर यांनी आराखड्यांसह नेटाने मांडली. राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅ. नाथ पै आणि त्यांच्यामागून मधू दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. प्रत्यक्षात रूळ मात्र फार सावकाश सरकले. दिव्याहून पनवेल आणि आपटा गाठायला १९६६ उजाडले, रोहा गाठायला १९८६. १९७७ ते १९७९ या काळात दंडवते स्वतः रेल्वेमंत्री होते, तरी काम मार्गी लागले ते १९८९ नंतर. त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्यात पायाभरणी झाली.

रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पावर विसंबले तर आणखी एक पिढी जाईल, हे ओळखून १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ ही स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. तिच्या भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के होता; बाकी पैसा मुख्यतः कर्जरोख्यांतून उभा राहिला. एकूण खर्च सुमारे ३,५५० कोटी रुपये झाला. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक म्हणून नुकतेच रेल्वे मंडळातून निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांची नेमणूक झाली. त्यांनी मार्गाचे महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी असे साधारण शंभर-शंभर किमी.चे सात विभाग पाडले आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमून निर्णयाचे अधिकार जागेवरच दिले. सातांपैकी दोन विभाग एकट्या रत्नागिरीच्या नावाचे होते, यावरूनच या टापूतील कामाचा बोजा ध्यानात यावा. जमीन ४० हजारांहून अधिक खातेदारांकडून घ्यावी लागली. बहुतेकांनी ती फारशी खळखळ न करता दिली. कोकणातील गुंठ्यागुंठ्यांच्या वाटण्या, सामाईक सातबारे आणि मुंबईला असलेले हिस्सेदार ठाऊक असणाऱ्याला हे काम बोगद्यांपेक्षा सोपे वाटणार नाही.

मार्ग आणि भूरचना : सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या पश्चिमेकडे समुद्राला मिळतात, रूळ मात्र उत्तर-दक्षिण न्यायचे होते. त्यामुळे दर काही किलोमीटरवर एक नदी आणि दोन नद्यांच्या मध्ये एक डोंगर, असा हा आडवा प्रवास आहे. गाडी ताशी १६० किमी. वेगाने धावू शकेल असे आखणीचे उद्दिष्ट असल्याने तीव्र वळणे आणि मोठे चढ वर्ज्य होते. डोंगराला वळसा घालण्याची सोय उरली नाही. तो फोडायचा किंवा पोखरायचा. खाड्यांची रुंद मुखे टाळण्यासाठी मार्ग किनाऱ्यापासून आत ठेवला गेला. राजापूर रोड स्थानकावर उतरून राजापूर शहरात पोहोचेपर्यंत प्रवाशाला जी रस्त्याची रपेट करावी लागते, तिचे मूळ या आखणीत आहे. खुद्द रत्नागिरीचे स्थानकही शहराबाहेर कुवारबावला आहे.

मजूर : ऐन भरात असताना या कामावर सुमारे ३० हजार माणसे होती. त्यांतील महामंडळाच्या हजेरीपटावरची थोडी. बाकीचे मोठ्या बांधकाम कंपन्यांचे आणि त्यांच्याकडून काम घेणाऱ्या छोट्या ठेकेदारांचे, देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुकादमांनी आणलेले कामगार. पूल आणि बोगद्यांची मोठी कामे लार्सन अँड टुब्रो, गॅमन, ॲफकॉन्स यांसारख्या कंपन्यांकडे होती. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आणि १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा लागू असल्याने किमान वेतन आणि निवाऱ्याची जबाबदारी कागदोपत्री ठरलेली होती. तरीही अशा कामात मुख्य कंपनी, पोटठेकेदार आणि मुकादम अशा पायऱ्या असतात, आणि जबाबदारी प्रत्येक पायरीवर थोडी पातळ होत जाते. अभियंत्यांच्या कामगिरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मजुरांविषयी जे लिखित आहे ते बहुतांशी आकड्यांच्या रूपात.

बोगद्यातील कामाची पाळी एका ठरलेल्या चक्राने चाले. कातळाच्या तोंडावर आखणीप्रमाणे छिद्रे पाडायची, त्यांत सुरुंगाची दारू ठासायची, सगळ्यांनी मागे हटायचे आणि बार उडवायचा. मग पंख्यांनी धूर आणि वायू बाहेर काढेपर्यंत थांबायचे. यानंतरचे काम सर्वांत जोखमीचे : छताला सुटून राहिलेले दगड लांब पहारीने खाली पाडायचे. बार झालेला कातळ वरून अखंड दिसतो, पण त्यातला एखादा चिरा कधी सुटेल याचा नेम नसतो. तो पाडल्यावर डंपर आत येऊन दगडमाती बाहेर नेत. गरज असेल तेथे कातळात पोलादी बोल्ट ठोकून वर काँक्रीटचा फवारा मारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कठीण कातळासाठी स्वीडनहून नऊ हायड्रॉलिक यंत्रे आणली होती. उक्षी आणि भोके या स्थानकांमधला करबुडे बोगदा याच पद्धतीने खोदला गेला. त्याची लांबी ६.५ किमी. असून २०१३ मध्ये काश्मीरचा पीर पंजाल बोगदा वाहतुकीस खुला होईपर्यंत तो भारतातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. रत्नागिरी ते निवसर दरम्यानचा टिके आणि आडवली ते विलवडे दरम्यानचा बेर्डेवाडी हे दोन्ही सुमारे चार-चार किमी.चे.

टिके बोगद्याच्याच टापूत पानवल नदीची दरी आहे. तिच्यावरील पूल ४२४ मी. लांब आणि ६४ मी. उंच असून बांधला गेला तेव्हा तो भारतातील सर्वांत उंच रेल्वे पूल होता. एवढ्या खोल दरीत तळापासून परांची उभारून वरचा भाग ओतणे परवडणारे नव्हते. म्हणून भारतात प्रथमच निराळी रीत वापरली गेली. आधी दरीत खांब उभे केले. मग पुलाचा वरचा पेटीसारखा काँक्रीटचा भाग काठावरच्या साच्यात तुकड्यातुकड्याने ओतला. एक तुकडा पक्का झाला की जॅक लावून तो दरीच्या दिशेने ढकलायचा, साचा रिकामा झाला की त्याच्या मागे जोडून दुसरा ओतायचा आणि दोन्ही मिळून पुन्हा ढकलायचे. ही सारी हालचाल इतकी मंद असते की शेजारी उभ्या असलेल्यालाही पूल सरकतो आहे हे पटकन कळत नाही. मोठी कामगिरी, पण मजुरांच्या दृष्टीने विचार केला तर हिचा खरा लाभ वेगळाच आहे : काँक्रीट ओतणारी बहुतेक माणसे दरीवर लोंबकळत न राहता काठाच्या जमिनीवर उभी होती.

कठीण कातळापेक्षा मातीने प्रमाणाने जास्त बळी घेतले. मार्गावरील नऊ बोगदे मऊ, पाण्याने भिजलेल्या चिकण मातीतून न्यावे लागले. त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध गोव्यातील पेडण्याचा, लांबी जेमतेम दीड किमी. कोकणात वर जांभा आणि खाली मऊ माती अशी रचना पुष्कळ ठिकाणी आढळते; वरून जमीन टणक भासते, आत शिरल्यावर ती पाण्यासह वाहू लागते. येथे परदेशी यंत्रांचा उपयोग नव्हता. थोडे हाताने खोदायचे, पोलादी कमान उभी करायची, भिंत धरून ठेवायची आणि पुढे जायचे. अनेकदा भिंत ढासळून केलेले काम पुन्हा करावे लागे. नऊ बोगद्यांनी चार वर्षे खाल्ली आणि १९ जीव घेतले. संपूर्ण बांधकामात ७४ जण मरण पावले, जखमी त्याहून अधिक. म्हणजे बोगद्यांच्या संख्येत ज्यांचा हिस्सा दहावा, त्यांच्या वाट्याला एकूण मृत्यूंचा चौथा हिस्सा आला. कोकण रेल्वेच्या कौतुकात करबुडे आणि पानवल यांची नावे नेहमी पुढे येतात, पण श्रमाच्या हिशेबात पेडण्याचा क्रमांक पहिला लागतो.

मृतांच्या स्मरणार्थ रत्नागिरी स्थानकाच्या आवारात ‘श्रमशक्ती स्मारक’ उभारलेले आहे. भारतीय रेल्वेच्या इतिहासात ही गोष्ट सर्रास घडलेली नाही. तुलनेसाठी याच सह्याद्रीतील बोरघाट पाहावा. १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याचा चढ बांधताना १८६१ साली ४० हजारांहून अधिक माणसे एकाच वेळी कामावर होती. पटकी, ताप आणि सुरुंगांनी किती मेले याचा अंदाजच करावा लागतो. तो हजारोंचा आहे. मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ मध्ये तेथे दंगल झाली आणि मूळ ठेकेदाराने काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर काही दिवसांतच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. त्यांची नावे इतिहासात राहिली, मजुरांची नाहीत. अमेरिकेत १८६९ साली पूर्व-पश्चिम किनारे जोडणारा पहिला लोहमार्ग पुरा झाला. त्याचा सिएरा नेव्हाडा पर्वतातील कठीण टप्पा हजारो चिनी मजुरांनी खोदला होता. त्यांनी १८६७ मध्ये वेतनासाठी संपही केला, पण मेलेल्यांची नीट नोंद तेथेही ठेवली गेली नाही. या पार्श्वभूमीवर ७४ हा मोजता येणारा आकडा असणे हीसुद्धा कामगार कायद्यांची एक कमाई म्हणावी लागेल.

पूर्तता : मार्ग तुकड्यातुकड्याने खुला झाला. १९९३ मध्ये दक्षिणेत मंगळूर ते उडुपी आणि उत्तरेत रोहा ते वीर, १९९५ मध्ये खेडपर्यंत आणि १९९६ च्या अखेरीस सावंतवाडीपर्यंत गाड्या धावू लागल्या. गोव्यात आखणीच्या वादामुळे १९९३ मध्ये काही काळ काम थांबले होते, आणि शेवटी सगळा मार्ग पेडण्याच्या बोगद्यासाठी खोळंबला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर पहिली गाडी धावली. १ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटल बिहारी वाजपेयी यांच्या हस्ते रत्नागिरीत औपचारिक उद्‌घाटन झाले. रोहा ते वीर दुपदरीकरण २०२१ मध्ये आणि संपूर्ण विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरे झाले.

देखभाल : बांधकामाचे मजूर पांगले तरी डोंगराचे काम संपले नाही. ठिसूळ मातीच्या उंच कटिंगा पहिल्या काही पावसाळ्यांतच ढासळू लागल्या. रत्नागिरीजवळच्या पोमेंडी आणि निवसर भागातील दरडींनी वाहतूक वारंवार बंद पाडली. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळून ५० हून अधिक प्रवासी दगावले, तर पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्स्प्रेस करंजाडीजवळ पुलावरून कोसळली. यानंतर कटिंगांचा उतार कमी करणे, पोलादी जाळ्या बसवणे, संरक्षक भिंती घालणे ही कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. तरीही पेडण्याच्या बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मध्ये ढासळली, आणि जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून गाड्या वळवाव्या लागल्या.

पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रकच निराळे असते. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे राहिले. त्या काळात गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर लोको पायलटने ताशी ४० किमी.हून वेग वाढवायचा नाही असा दंडक आहे. धोक्याच्या कटिंगांवर चोवीस तास पहारा असतो आणि शेकडो ट्रॅकमन पाळ्यांनी रुळांवरून पायी गस्त घालतात. रेनकोट, कंदील किंवा बॅटरी, लाल-हिरवे झेंडे, फटाके आणि संपर्काचे साधन एवढा त्यांचा सरंजाम. दरड दिसली की रुळावर फटाके लावून येणारी गाडी थांबवणे हे पहिले काम. स्थानकाला कळवणे त्यानंतर. जमिनी गेलेल्या कुटुंबांतील काहींना महामंडळात याच प्रकारच्या नोकऱ्या मिळाल्या, आणि उरलेल्या प्रकल्पग्रस्तांची नोकरीची मागणी रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोर्चे, उपोषणे आणि निवेदनांच्या रूपाने पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली.