वीज आली, म्हणजे नेमकं काय आलं?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला आधी व्याख्या विचारायची खोड असते. म्हणून पवनचक्कीकडे वळण्याआधी एक सरकारी व्याख्या पाहू. 1997 पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली, की ते गाव 'विद्युतीकृत' धरलं जाई. म्हणजे शिवारातल्या एका विहिरीवर मोटर बसली, की कागदावर सगळं गाव उजळलं! घरात मात्र चिमणीच. 2004 साली नियम बदलला. शाळा, दवाखान्यासारख्या सार्वजनिक जागी आणि निदान 10 टक्के घरांत वीज हवी, असं ठरलं. उरलेली 90 टक्के घरं अंधारात असली तरी चालणार होतं!

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन मुलूख आपण म्हणतो. पण जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्यातल्या वस्त्यांचा तिसराही आहे. जंगलातून खांब न्यायचे म्हणजे खर्च आणि परवानग्या. अशा ठिकाणी ऊन आणि वारा यांची जोडी सुचते, कारण एकाची उणीव दुसरा भरून काढतो. जून ते ऑगस्ट ढग दाटले की पॅनल मंदावतात, आणि नेमका तेव्हाच नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो. रात्रीही तो वाहतो. अर्थात पवनचक्कीला उंच, उघडी जागा लागते. दरीतल्या वस्तीला तिचा उपयोग नाही.

महाराष्ट्राला वारा नवा नाही. देशातल्या पहिल्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक 1986 मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर झाला, पुढे साताऱ्याचं वनकुसवडे पठार पवनचक्क्यांनी भरलं. पण ती वीज ग्रीडमध्ये जाते. पायथ्याच्या घरात दिवा लागेलच, असं नाही.

म्हणून मला पुणे जिल्ह्यातली छोटीशी दरेवाडी महत्त्वाची वाटते. तिथे वारा नाही, नुसतं ऊन. 2012 मध्ये 'ग्राम ऊर्जा' संस्थेच्या पुढाकाराने सुमारे 9.4 किलोवॉटचा प्रकल्प उभा राहिला. घरोघरी मीटर लागले, आणि बिलं गोळा करायचं काम गावाच्याच समितीकडे आलं. हा पैसा लागतो कशाला? लेड-ॲसिड बॅटऱ्या काही वर्षांत बसतात. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, चक्कीही दुरुस्त होते, पण बॅटरीसाठी पैसे साठवले नसतील तर पहिल्याच पावसाळ्यात रात्री अंधार.

सातपुड्यातल्या वस्तीत जोड प्रकल्प उभारायला निघालेल्याला मी म्हणून वाऱ्याच्या वेगाआधी एवढंच विचारीन: बॅटरी बसली की नवी कोण आणणार? आता तुमचे प्रश्न घेऊ.