ओला फडका, सीसा आणि तीन बार : घरच्या घरी इंधन पंप तपासण्याचा इतिहास

मराठीत ‘पेट्रोल पंप’ म्हटले की रस्त्याकडेचे इंधनकेंद्र डोळ्यांपुढे येते. मोटारीच्या टाकीतील पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचवणारा जो खरा पंप, त्याला मात्र रोजच्या बोलण्यात स्वतंत्र नाव मिळालेच नाही. जुने मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणत. या नावाचा वातानुकूलनाशी काही संबंध नाही. अल्बर्ट चॅम्पियन या फ्रेंच सायकलशर्यतपटूने पुढे अमेरिकेत जाऊन सुटे भाग बनवण्याचा उद्योग उभारला. त्याच्या नावाची ही आद्याक्षरे वस्तूलाच चिकटली.

हा पंप बिघडला आहे की नाही, हे घराच्या अंगणात ओळखण्याची एक विद्या विसाव्या शतकात भारतीय मोटारधारकांनी कमावली होती. त्या विद्येची कथा सांगायला म्हैसूर हे सोयीचे शहर आहे. तेथून उटीकडे निघालेल्या मोटारींना देशातील अतिशय खड्या घाटांपैकी एक चढावा लागतो, आणि याच शहरात पंपच नसलेल्या एका प्रसिद्ध मोटारसायकलचा कारखाना होता.

म्हैसूर संस्थानाचा मोटारीशी संबंध याहून जुना आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, खडकवासला धरणाच्या स्वयंचलित दरवाजांचे जनक आणि १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात भारतीय मोटार कारखान्याची योजना मांडली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद त्यांच्यासोबत होते. कारखाना म्हैसूर संस्थानात उभारण्याचा प्रयत्न झाला. पण ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. वालचंदांनी १९४० मध्ये बंगळुरूत म्हैसूर सरकारच्या भागीदारीने विमानाचा कारखाना काढला आणि मोटारीसाठी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. संस्थानात होऊ न शकलेली मोटार अखेर कुर्ल्यात तयार झाली आणि फियाट म्हणून म्हैसूरच्या रस्त्यांवर आली.

मोटारीला पंप लागतोच असे नाही. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये टाकी आसनाखाली होती आणि पेट्रोल केवळ उतारामुळे कार्बुरेटरकडे वाहत असे. खडा चढ आला की इंजिनाची बाजू वर उचलली जाई, टाकी खाली राही आणि इंजिन उपाशी पडे. मग चालक गाडी वळवून तो चढ उलट दिशेने, रिव्हर्समध्ये चढत. टाकी मागे आणि खाली, तर इंजिन पुढे आणि वर अशी रचना रुळल्यावर गुरुत्वाकर्षणाचा भरवसा संपला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनाच्या कुशीला बसवलेला, कॅमशाफ्टच्या फेऱ्यांवर चालणारा पडद्याचा पंप सर्रास दिसू लागला.

त्याची रचना मोठी सुबक होती. कॅम एक दांडी हलवते, दांडी रबरी कापडाचा पडदा खाली ओढते, पोकळी तयार होते आणि टाकीतले पेट्रोल एका झडपेतून आत येते. परतीच्या वेळी पडद्याला वर ढकलण्याचे काम कॅम नव्हे, तर स्प्रिंग करते. म्हणून पंपाचा दाब स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतो. तो जेमतेम ०.२ ते ०.३ बार असे. कार्बुरेटर भरला, त्याची सुई बंद झाली, की पडदा खालीच थांबून राही. कोणतेही विद्युत नियंत्रण नसताना पंप मागणीनुसार पुरवठा करी.

ही रचना उघड्यावर असल्यामुळे तिचा बिघाडही उघड्यावर दिसे. फियाट आणि अँबेसेडरच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. सुटे भागही हाक मारताच मिळत नसत. चुकीचे निदान म्हणजे हाती असलेला पैसा आणि चालता पंप, दोन्हींवर पाणी. त्यामुळे तपासणीला आपोआप एक शिस्त आली. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा प्रथम ठिणगी पाहायची. ठिणगी ठीक असेल तरच पेट्रोलकडे वळायचे. कार्बुरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक सीशात धरायचे, ठिणगी पडू नये म्हणून इग्निशन कॉइलची तार काढून ठेवायची आणि इंजिन फिरवायचे. पेट्रोलच्या ठसठशीत पिचकाऱ्या आल्या तर पंप निर्दोष.

पिचकारी आली नाही तरी पंपाला दोषी ठरवण्याची घाई जाणते लोक करीत नसत. टाकीचे झाकण सैल करताना हवा आत शिरल्याचा ‘सूं’ आवाज आला, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे आणि पंप निर्वाताशी झुंजतो आहे, हे उघड होई. टाकीकडून येणारी नळी सोडून हातपंपाने तिच्यात हवा मारली आणि टाकीत बुडबुड्यांचा आवाज उठला, तर मार्ग मोकळा. एवढे सगळे निकालात निघाल्यावरच पंप खोलायचा. पडदा फाटला असेल तर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ठिबके; कधी ते इंजिनाच्या तेलात उतरे आणि तेल मोजायच्या पट्टीला पेट्रोलचा वास येई. ही शेवटची खूण दुर्लक्षिली तर पातळ झालेल्या तेलावर बेअरिंगे झिजत आणि पंपाचा खर्च इंजिनाच्या खर्चात बदले. एकेक शक्यता वेगळी काढून तपासण्याची ही रीत प्रयोगशाळेतल्या रीतीहून वेगळी नाही, जरी ती करणाऱ्यांपैकी अनेकांनी प्रयोगशाळा पाहिलेली नव्हती.

सर्वांत फसवा बिघाड घाटात होई. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर आहे, उटी सुमारे २,२४० मीटरवर. बंदीपूरचे जंगल ओलांडून मसिनगुडीमार्गे जाणारा कल्हट्टीचा घाट छत्तीस तीव्र वळणांत हजार मीटरहून अधिक उंची गाठतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढणाऱ्या गाडीचे इंजिन तापे, त्याला चिकटलेला पंप तापे आणि गाडी वळणावर मुकाट बंद पडे. पंप तपासावा तर पडदा शाबूत, झडपा शाबूत.

दोष पंपाचा नव्हताच; दोष उकळण्याच्या भौतिकीचा होता. द्रवाचा बाष्पदाब भोवतालच्या दाबाइतका झाला की तो उकळतो. सध्याच्या भारतीय मानकानुसार साध्या पेट्रोलचा बाष्पदाब सुमारे ३८ अंश सेल्सियसला कमाल ६० किलोपास्कल असू शकतो, आणि तापमानाबरोबर तो झपाट्याने वाढतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो. उटीच्या उंचीवर तो साधारण ७७ वर येतो. त्यात पंप पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे नळीतील दाब आणखी खाली नेतो. तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते. पडदा वरखाली होत राहतो. पण वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. पंप जिवंत असून पुरवठा शून्य.

यावरचा उपाय पंपावर ओला फडका टाकणे हा होता. कापडातले पाणी बाष्पीभवन होताना पंपाची उष्णता घेऊन जाई, वाफ पुन्हा द्रव होई आणि गाडी चालू लागे. हा उपाय निदानही होता. थंड केल्यावर गाडी चालली तर वाफेचा अडथळा, न चालली तर खराखुरा बिघाड. खंबाटकी किंवा बोरघाटात बंद पडलेल्या फियाटवरही हेच प्रयोग होत. फक्त तेथे बंदीपूरच्या वाटेसारखी हत्तींची धास्ती नसे.

भारतात २००० सालच्या आसपास उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि मोटारींतून कार्बुरेटर हद्दपार होऊ लागला. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनला पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने लागते, जुन्या पंपाच्या दहापट. विजेवर चालणारा नवा पंप थेट टाकीत, पेट्रोलात बुडवून बसवला गेला. त्यामुळे तो थंड राहतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो. संपूर्ण नळीच दाबाखाली असल्याने तिच्यात पेट्रोल सहजी उकळत नाही. ओल्या फडक्याचा प्रश्न ज्या युक्तीने सुटला, त्याच युक्तीने पंप घरच्या माणसाच्या नजरेआड केला.

आता पाहण्याऐवजी ऐकणे आले. किल्ली ‘ऑन’वर फिरवली की मागच्या आसनाखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते, पंप नळीत दाब भरत असतो. गुणगुण नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंपापर्यंत वीज पोहोचते का, या क्रमाने जावे लागते. काही गाड्यांत चोरीरोधक यंत्रणेने किल्ली ओळखली नाही तरी पंप गप्प राहतो. हा क्रम न पाळता अख्खा पंप बदलणे आणि नंतर दोष किरकोळ किमतीच्या रिलेत सापडणे, ही आजची नेहमीची शोकांतिका आहे. याउलट गुणगुण ऐकू आली म्हणून पंप निर्दोषही ठरत नाही. मोटर फिरते पण दाब धरत नाही, असे होते. त्याचा निकाल दाबमापकच देऊ शकतो.

येथे जुना सीशाचा प्रयोग करायला जाणे मात्र घातक आहे. तीन बार दाबाची नळी अचानक सोडली तर पेट्रोलची चिळकांडी तुषार होऊन उडते आणि तापलेल्या इंजिनावर पडली तर भडका उडू शकतो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, दाब उतरू द्यायचा आणि मगच नळीला हात लावायचा. हे साधन आणि ही सवय नसेल तर घरची तपासणी कानावर आणि फ्यूजवर थांबलेली बरी.

म्हैसूरच्या यादवगिरीतील आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून आधी जावा आणि पुढे येझदी बनल्या. १९९६ मध्ये तो बंद झाला. त्या मोटारसायकलींच्या स्वाराला या साऱ्याची गरज नव्हती. टाकी इंजिनाच्या डोक्यावर. कॉक उघडला की तेल मिसळलेले पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे. तीस सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलच्या स्तंभाचा दाब जेमतेम ०.०२ बार भरतो, आणि कार्बुरेटरला तेवढा पुरे. नळी काढून कॉक उघडला आणि धार दिसली, की तपासणी संपली.

जावा हे नाव २०१८ मध्ये बाजारात परतले, इंजेक्शनचे इंजिन घेऊन. टाकी आजही इंजिनाच्या वरच आहे. पण तिच्यात आता विजेचा पंप बुडालेला आहे आणि किल्ली फिरवताच तो गुणगुणतो. तीन बारचा दाब नुसत्या उंचीने मिळवायचा म्हटले, तर टाकी इंजिनाच्या सुमारे ४१ मीटर वर बसवावी लागेल. म्हैसूरच्या राजवाड्याचा मनोरा १४५ फूट, म्हणजे ४४ मीटर उंच आहे.